बसतंय, काका!

गॅरेजमध्ये कुणी "बसतंय, काका" म्हणालं की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. हे शब्द न बसणारी वस्तू बसवतानाच कानावर पडतात. बसणारी वस्तू गुपचूप बसते, तिला घोषणा लागत नाही.

माझ्या तेरा वर्षांच्या गाडीच्या ऑइल फिल्टर हाउसिंगमध्ये तेलाच्या दाबाचा सेन्सर बसवताना आमच्या मेकॅनिकने ही घोषणा केली, पान्यात हातभर लांबीची नळी अडकवली आणि ॲल्युमिनियमच्या त्या भोकातले आटे मक्याच्या कणसासारखे सोलून काढले. पान्याबरोबर चांदीच्या तारेसारखं एक चकचकीत वेटोळं बाहेर आलं. मी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "कचरा असतो काका आतमध्ये." हा कचरा म्हणजे माझ्या इंजिनाचे आटे होते. गाडी बनवणाऱ्याने शंभराव्या भागाच्या हिशोबात मोजून पाडलेले.

आता लाजेची गोष्ट सांगतो. हे सगळं चाललं होतं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. भोसरीच्या एका कारखान्यात मी 31 वर्षं इन्स्पेक्शनला काढली. गो आणि नो-गो गेज हातात धरून मी शेकडो पोरांचा माल नापास केला, रडवलं त्यांना. आटे म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि माझ्याच गाडीपुढे उभं राहून मी काय विचारलं? "किती वेळ लागेल रे?" घाई होती ना. संध्याकाळी लग्नाला जायचं होतं.

तेव्हा पुढे मी ज्यांना ज्यांना बोलणार आहे, त्या रांगेत पहिला मी उभा आहे असं समजा.

सेन्सर आला होता अमेरिकेहून. मिशिगनला असलेला माझा भाचा दिवाळीला आला, तेव्हा त्याने तेलाच्या दाबाचा गेज आणला. "मामा, नुसत्या लाल दिव्यावर काय विसंबून राहता? आकडा बघत जा." त्याचं चुकलं नव्हतं. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा हा अत्यंत आळशी पहारेकरी आहे. दाब अर्धा बारच्याही खाली गेल्यावर तो जागा होतो, आणि तोवर बेअरिंगांचे दिवस भरलेले असतात. जुन्या इंजिनाला आकडा दाखवणारा गेज असणं चांगलंच. फक्त त्या अमेरिकन सेन्सरवर आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइपाचे होते आणि माझ्या गाडीच्या भोकात बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश पाइपाचे. दोन्हींचं नाव एकच: एक अष्टमांश इंच.

या नावाचीही गंमत बघा. एक अष्टमांश इंच म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आत-बाहेर. या सेन्सरवर सव्वातीन मिलिमीटरचं काहीही नाही. आटे मोजले तर ते दहा मिलिमीटरच्या जवळपास भरतात. हे माप आहे एके काळी त्या जाडीच्या पाइपाच्या आतल्या भोकाचं. पाइप गेला, भोक बदललं, माप मात्र मागे राहिलं, जसं इनाम गेल्यावरही आडनाव इनामदार राहतं. आपल्या घरातला "अर्धा इंची" नळही तसलाच, पट्टी लावून बघा.

या मापाच्या बीएसपीटीमध्ये एका इंचात 28 आटे, एनपीटीमध्ये 27. एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणाल तर एकात 0.907 मिलिमीटर, दुसऱ्यात 0.941. फरक केसाच्या जाडीहूनही कमी. एकाच्या दात्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याच्या 60. अमेरिकन आटा व्यासाने अर्धा मिलिमीटर जाड. याच घोळक्यात तिसरा भाऊ म्हणजे दहा मिलिमीटर व्यासाचा, एक मिलिमीटर पिचचा मेट्रिक आटा. काही युरोपीय गाड्यांत तो सापडतो. तिघांना एका पातेल्यात टाका, नुसत्या डोळ्यांनी वेगळे काढून दाखवा, मी मिशी काढीन.

आणि खरी मेख पुढेच आहे. हे दोन्ही पाइपाचे आटे निमुळते असतात, सोळास एक या उताराने. म्हणजे आत जाता जाता ते घट्ट होत जायलाच हवेत. त्या घट्टपणानेच तेल अडतं. साधा बोल्ट दोन आट्यांत अडकला तर गाढवालाही कळतं की काहीतरी चुकतंय. निमुळता आटा अडकला तर शहाण्यालाही वाटतं, वा, छान आवळत चाललाय! चुकीची वस्तू हाताला अगदी बरोबर वस्तूसारखी लागते. म्हणून इथे हाताच्या "अंदाजा"ला काडीची किंमत नाही. इथे मोजावंच लागतं. मोजायला लागतं पिच गेज, पत्त्यांच्या पानांसारखी पोलादी पाती असलेलं एक खिशात मावणारं हत्यार. दोन-अडीचशे रुपयांत मिळतं. माझं माझ्या घरच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं. आजही आहे.

हा 55 आणि 60 अंशांचा तंटा कुठून आला? जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, प्रत्येकाच्या आट्याचा कोन मोजला, सरासरी काढली आणि 1841 साली सांगितलं की यापुढे सगळ्यांचा आटा 55 अंशांचा. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. 1864 मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स उभा राहिला आणि म्हणाला, 55 अंश मोजणं कटकटीचं. 60 अंश साध्या कारागिरालाही पाडता येतात, आपण 60 घेऊ. अमेरिका तिकडे गेली. आपण इंग्रजांच्या ताब्यात, म्हणून आपल्याकडे नळ, पाइप, पंप सगळं व्हिटवर्थच्या वंशातलं. 1956 च्या कायद्याने आपण मेट्रिक झालो, शेर-मण गेले, पण नळाचे आटे तसेच राहिले. जपान्यांनीही पाइपासाठी तेच ठेवले, आणि आपल्या रस्त्यावरच्या जपानी घराण्यातल्या गाड्यांत तेलाच्या दाबाचा स्विच म्हणूनच बहुधा बीएसपीटी असतो. थोडक्यात, माझ्या इंजिनात त्या दिवशी व्हिटवर्थ आणि सेलर्स यांची झोंबाझोंबी झाली आणि मधल्या मधे ॲल्युमिनियम मेलं.

मेकॅनिकला हे सगळं ठाऊक असावं अशी माझी अपेक्षा नाही. इतिहास त्याच्या पगारात बसत नाही. माझी अपेक्षा एवढीच, की वस्तू तीन पूर्ण फेरे नुसत्या बोटांनी गेली नाही तर पाना उचलू नये. एवढंच. ती वस्तू आधी उलटी फिरवावी. आट्याचं तोंड आट्याला भेटलं की "टक्" असा बारीक झटका लागतो, मग सुलट फिरवावी. हे शिकायला फारतर दोन मिनिटं लागतात. पण गॅरेजमध्ये पोरगा येतो तेव्हा त्याला पहिली गोष्ट शिकवतात चहा आणायची आणि दुसरी जोर लावायची. "दम नाही का रे हातात?" हा तिथला पहिला धडा. हात थांबवायचा कधी, हा धडा उस्तादालाच कुणी दिलेला नसतो.

जोर किती लागतो ते ऐका. एवढ्याशा सेन्सरला पंधरा न्यूटन-मीटरच्या आसपास आवळणं पुरतं. म्हणजे वीतभराहून लहान, पंधरा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोंचं बोचकं टांगलं की झालं. आमच्या पठ्ठ्याने 45 सेंटिमीटरच्या नळीवर निम्मं अंग टाकलं. 40 किलो धरा. एकशे ऐंशी! बारा पट! मुंगी मारायला रोड रोलर आणावा तसा प्रकार. भिंतीवर टॉर्क रेंच लटकलेला होता. त्याच्या डब्यावर दसऱ्याच्या पूजेचं हळदीकुंकू अजून शाबूत होतं. वर्षातून एकदा हात लागतो त्याला, तोही नमस्कारापुरता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेलाचं थारोळं. चेअरमनची चिठ्ठी आली ते सोडून देतो. गाडी गॅरेजला परत गेली आणि तिथे टेफ्लॉन टेप निघाली.

टेफ्लॉन टेपवर एक स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. नळाच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारी ती पांढरी पट्टी आज महाराष्ट्रातल्या अर्ध्या गॅरेजांची कुलदेवता आहे. आटे गेले? टेप गुंडाळ. गळतंय? अजून गुंडाळ. शाबूत निमुळत्या आट्यांच्या बारीक फटी बुजवण्यापलीकडे त्या बिचारीला काही येत नाही. गेलेले आटे ती परत आणत नाही, मेलेल्याला शाल पांघरून तो उठत नाही तसंच. वर तिच्या चिंध्या सुटून तेलाच्या वाटेत जाऊ शकतात, आणि इंजिनातल्या तेलाच्या वाटा बारीक असतात. आणि एकाच वायरचा सेन्सर असेल तर त्याची अर्थिंग कुठून होते? आट्यांमधूनच. त्याच आट्यांवर तुम्ही विजेला अडवणाऱ्या प्लॅस्टिकचे सात वेढे घातलेत. मग काटा खोटं बोलू लागतो, आणि मेकॅनिक म्हणतो, "अमेरिकन माल आहे ना काका, आपल्याकडे सूट होत नाही."

टेपने भागलं नाही तेव्हा लाल दिव्याचा जुना स्विच परत घालून त्यावर एम-सील थापलं. तेलकट धातूवर. तेल लागलेल्या धातूला असला लगदा धरत नाही हे त्या पुडक्याच्या पाठीवर सुद्धा सापडेल, पण पाठ वाचतो कोण? चार दिवसांनी खंबाटकीचा घाट चढताना जळक्या तेलाचा वास आला. मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि बोनेट उघडलं. एम-सीलचा गोळा स्विचसकट डुलत होता, पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा. तो उडाला असता तर तेल मिनिटा-दोन मिनिटांत रस्त्यावर आणि इंजिन भंगारात. टो करून गाडी पुण्याला आणली. लग्नाचं जेवण त्या मानाने फार महाग पडलं.

यालाच आपण कौतुकाने जुगाड म्हणतो. मोठमोठ्या मॅनेजमेंटच्या परिषदांतून टाय लावलेले लोक जुगाडावर व्याख्यानं देतात, भारतीय प्रतिभा वगैरे म्हणतात. त्यांना माझी नम्र विनंती, की एकदा अशा प्रतिभेने दुरुस्त केलेल्या गाडीतून सहकुटुंब घाट चढा. अडलेल्या माणसाने अडलेल्या वेळी घर गाठण्यापुरतं काही केलं तर त्याला माझा सलाम आहे. रानात पंख्याचा पट्टा तुटला आणि कुणी दोरी बांधून गाव गाठलं, उत्तम. पण शहरात, उजेडात, समोर हार्डवेअरचं दुकान असताना दोरी बांधणं आणि त्याचे सहाशे रुपये घेणं याला प्रतिभा म्हणायचं असेल तर खिसेकापूंनाही पद्म द्या.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या काचेच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची होती गाडी. नेली ना! तिथे टेप नव्हती. टॅब्लेट होता. एका टापटीप मुलाने टॅब्लेटवर बोट फिरवलं आणि सांगितलं, "सर, हाउसिंग असेंब्ली बदलावी लागेल." गॅस्केट, ऑइल, कूलंट, मजुरी धरून आकडा चौदा हजारांच्या वर, आणि माल आला की फोन करतील. मी म्हटलं, "अहो, भोकाचे आटे गेलेत. भोक मोठं करून त्यात नव्या आट्यांचा बुश मारून घेता येईल." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गाडीला नजर उतरवायला सांगतोय. "सर, रिपेअर आमच्या पॉलिसीत नाही."

त्याचं वय पंचविशीचं असेल, बोलणं गोड, आणि बुश म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्यावर मी चिडलो नाही. चिडलो ते त्या व्यवस्थेवर, जिला एका भोकासाठी अख्खी शाबूत वस्तू भंगारात काढताना काही वाटत नाही. दात किडला तर जबडा बदलतात का हो? गल्लीतल्या गॅरेजवाल्याची आणि या काचेच्या महालाची मला तरी एकच जात दिसते. दुरुस्ती दोघांनाही येत नाही. एक लपवतो, दुसरा फेकतो. बिल कोणाचं मोठं एवढाच काय तो फरक.

आणि या दोघांना पोसतो कोण? आपण. पाचशेचं काम चारशेत कर म्हणणारे आपण. "आत्ता लगेच हवी" म्हणणारे आपण. मेकॅनिकने समजा सांगितलं असतं, "काका, आटे जुळत नाहीत, अडॅप्टर आणावा लागेल, उद्या या," तर मी काय म्हटलं असतं? दुसरीकडे गेलो असतो. मोजणाऱ्या माणसाला आपण मंद म्हणतो आणि ठोकणाऱ्याला "हात चालतो त्याचा" असं म्हणतो. मग सगळे ठोकणारच.

पूर्वी हे खपून जायचं, कारण इंजिनावर सेन्सर नव्हतेच फारसे. कार्ब्युरेटरच्या गाडीत एक तेलाचा, एक पाण्याच्या तापमानाचा, संपलं. 2010 मध्ये तेरा शहरांत बीएस-4 आलं. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. 2020 च्या एप्रिलपासून देशभर बीएस-6. नियमागणिक इंजिनाला नवे कान, नवी नाकं फुटली. सायलेन्सरच्या वाटेत ऑक्सिजन सेन्सर, ब्लॉकवर नॉक सेन्सर. गॅरेजातला हात मात्र पद्मिनीच्या काळातलाच राहिला.

नॉक सेन्सरचंच घ्या. बिचारा एका आठ मिलिमीटरच्या बोल्टने ब्लॉकला चिकटून इंजिनातली कुरकुर ऐकत बसलेला असतो. त्याला साधारण वीस न्यूटन-मीटरने, स्वच्छ धातूवर, थेट आवळायचं. कारण किती आवळलंय यावर त्याला किती ऐकू येईल ते ठरतं. आमच्याकडे त्याच्याखाली स्प्रिंग वॉशर घालतात. "सैल नको पडायला." म्हणजे डॉक्टरने स्टेथोस्कोप छातीवर ठेवायचा तर मधे गादी घालायची. ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांना कारखान्यातूनच न चिकटणारी पेस्ट लावून येते; ती कुणीतरी मळ समजून चिंधीने पुसतो आणि वर गॅस्केटचं सिलिकॉन फासतो. सिलिकॉनच्या वाफेने तो सेन्सर कायमचा खराब होतो. मग स्कॅनर लावून सांगतात, "सेन्सर गेलाय." गेला नाही, घालवला. सायलेन्सरच्या गंजक्या आट्यांतला हा सेन्सर काढायचा तर नळी कोमट असताना काढावा, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधला स्पार्क प्लग काढायचा तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर. आमच्याकडे दोन्ही काढतात गिऱ्हाईक घाईत असेल तेव्हा.

असो. मी हाउसिंग खोलून काढलं, पिशवीत घातलं आणि स्कूटरवरून भोसरीला गेलो. माझ्या जुन्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक टर्नर बसतो. दोन लेथ, एक ड्रिल, भिंतीवर विठोबाचं कॅलेंडर. वय माझ्याएवढंच.

त्याने पिशवीतून हाउसिंग काढलं, उजेडात धरलं, भोकात करंगळी फिरवली आणि काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "कुणी केलं हे?"

"आमच्या मेकॅनिकने."

"तुम्ही कुठं होता?"

मी छताकडे पाहिलं. 

"बरं, आत कुठले आटे हवेत? बीएसपी का एनपीटी?"

या सगळ्या प्रकरणात हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. मी खिशातून मूळचा स्विच काढून दिला. त्याने पिच गेजचं 28 चं पान उघडून त्यावर टेकवलं, ट्यूबलाइटपुढे धरलं. दाते आणि पान यांच्यातून उजेडाची रेघही दिसली नाही. मग 27 चं पान टेकवून मला दाखवलं. एका टोकाला फट होती. "एवढंच बघायचं होतं," तो म्हणाला. मला ते मारल्यासारखं लागलं.

मी हेलिकॉइलचं नाव काढलं. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेचं वेटोळं. भोक थोडं मोठं करून त्यात वेगळा टॅप मारायचा आणि हे वेटोळं बसवलं की आत पुन्हा मूळ मापाचे आटे तयार. स्पार्क प्लग, साधे बोल्ट, ब्रॅकेट यांना फार उत्तम. ते मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत बसतं, कारण ॲल्युमिनियमला धरणारा घेर मोठा होतो. विमानांच्या भागांत तर कोऱ्या मालातच असली वेटोळी घालतात. आटे गेले म्हणजे वस्तू गेली असं सांगणाऱ्यांच्या तोंडावर मारायला हे एक उदाहरण पुरे. पण टर्नरने मान हलवली. "बोल्टाला चालेल. हे तेलाचं भोक आहे. तारेच्या फटीतून तेल पाझरणार. भरीव बुश करू, कॉलरवाला."

"पोलादी?"

"पितळी. ॲल्युमिनियम तापल्यावर फुगतं, त्याच्या जवळपास पितळच फुगतं. पोलाद मागं राहतं. आणि स्विच पोलादी आहे, पितळात चिकटून नाही बसायचा."

पुढचा दीड तास मी स्टुलावर बसून जे पाहिलं त्यासाठी मी तिकीट काढलं असतं. त्याने हाउसिंग चार जॉच्या चकमध्ये धरलं. वेडावाकडा तुकडा, एक जॉ सैल, दुसरा घट्ट, डायल लावायची, हाताने चक फिरवायचा, काटा बघायचा, पुन्हा एक जॉ सैल. जवळजवळ वीस मिनिटं त्याने नुसतं जुन्या भोकाचं केंद्र शोधण्यात घालवली. काटा दोन शतांशात आला तेव्हा कुठे मशीन चालू केलं. सरळ ड्रिल मारलं असतं तर फाटक्या आट्यांच्या नादाने ते भरकटलं असतं, म्हणून बोअरिंग करून भोक साडेचौदा मिलिमीटरवर नेलं. सोळा मिलिमीटर, दीड पिचचा आटा पाडायचा तर सोळातून दीड वजा, हा हिशोब. भोवती चार मिलिमीटर माल उरतोय ना, हे आधी व्हर्नियरने पाहिलं. तोंडाशी सपाट बैठक केली. मग टॅप, मागून टेलस्टॉकच्या सेंटरने सरळ धरलेला. पहिला टॅप, दुसरा, तिसरा. रॉकेल सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस मोडायचा, पुसायचा, पुन्हा. टॅपचा आवाज बदलला की हात थांबायचा. मी मघाशी हात थांबवण्याबद्दल जे काही लिहिलं ते या माणसाकडे बघून लिहिलं आहे.

बुश झाला. बाहेरून सोळा मिलिमीटर, आतून एक अष्टमांश बीएसपी. हाउसिंग रॉकेलने धुतलं, हवेने फुंकलं, प्रत्येक वाटेतून पलीकडचा उजेड बघितला. बाहेरच्या आट्यांना लॉकटाइट, कॉलरखाली तांब्याचा वॉशर, आणि बुश बोटांनी फिरवत फिरवत शेवटपर्यंत आत गेला. शेवटचा पाव फेरा फक्त पान्याने. "बसतंय" असं तो एकदाही म्हणाला नाही.

पैसे विचारले तर म्हणाला, "साडेचारशे द्या." चौदा हजारांचा कागद माझ्या खिशात घडी घालून होता. मी त्याला दाखवला. त्याने वाचला, परत दिला, आणि हात पुसत म्हणाला, "त्यांना गाळ्याचं भाडं असतं."

मुलगा काय करतो म्हणून मी सहज विचारलं. बँकेत आहे. दुसरा कॉम्प्युटरला. लेथवर कुणी येत नाही. पोरं येतात, आठ दिवस राहतात, मग जेवण पोचवायच्या धंद्यात जास्त मिळतात म्हणून जातात. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, डायलचा काटा वाचावा तसं त्याने ते वाचून दाखवलं. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. आयटीआयच्या पोराला साडेचारशे रुपयांच्या दीड तासात काय उरतं, हा हिशोब मी न करणंच पसंत केलं, कारण तो केला असता तर मला टर्नरला हजार द्यावे लागले असते.

आता महिना झाला. तेल गळत नाही. भाच्याचा गेज कपाटात पिच गेजच्या शेजारी ठेवलाय. फोनवर त्याने विचारलं तर म्हटलं, अडॅप्टर मिळाला की लावू. मिळतो तो, शोधला तर. आमच्या मेकॅनिकने परवा हाउसिंग पाहिलं, बुशवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बघा, बसलं की नाही काका? मी म्हटलं होतं."

भोसरीहून निघताना टर्नरने पिशवीत हाउसिंगबरोबर कागदाची आणखी एक पुडी टाकली होती. आत तसाच दुसरा पितळी बुश, हाउसिंगच्या आट्यात घट्ट बसावा म्हणून बाहेरून रेसभर मोठा ठेवलेला. मी म्हटलं, "हा कशाला? एकच भोक आहे."

"मेकॅनिक तोच राहणार ना तुमचा?" तो म्हणाला, आणि लेथ चालू केला.